कानपिळीचा मानकरी

माझ्या भावाला आमच्या गावात सगळे देवाचं लेकरू म्हणतात. देवाचं लेकरू म्हणजे ज्याला चहा बशीत ओतून द्यायचा, लग्नाची पत्रिका द्यायची नाही, आणि पाहुणे आले की शेळ्या घेऊन लांब पाठवायचं. आपल्या लेकराचं असं कौतुक चाललंय हे देवाला माहीत असतं, तर त्यानं आमच्या वस्तीवर एव्हाना एखादी नोटीस धाडली असती.

त्याचं नाव ओम. वय एकवीस. उंची माझ्या खांद्याइतकी, मिशी मात्र दाट, आणि त्या मिशीचा त्याला भारी अभिमान. डॉक्टरांच्या कागदावर डाऊन सिंड्रोम असं लिहिलंय आणि पुढं टक्के घातलेत, पासष्ट. आमच्या कारभारीनानांचे टक्के मात्र आजवर कोणी काढायला धजलं नाही.

कारभारीनाना म्हणजे आमचे थोरले चुलते. काष्टीपासून चार किलोमीटरवर आमची वस्ती, त्यातली समोरासमोरची दोन घरं आमच्या भावकीची, एक त्यांचं आणि एक आमचं. दोन्ही घरांचा कारभार नानाच बघतात, कारण आमचे दादा, म्हणजे वडील, बोलत नाहीत. मुके नाहीत हो. नुसते बोलत नाहीत. थोरला भाऊ बोलतोय तोवर आपण कशाला बोलायचं, असं त्यांचं साधं गणित. नाना गेली तीस वर्षं बोलतायत.

ओम चित्रं काढतो. लहानपणी चुलीतल्या कोळशानं काढायचा. पुढं नगरच्या निवासी शाळेतल्या बाईंनी हातात ब्रश दिला, तेव्हापासून आमच्या गोठ्याला कोरी भिंत राहिलेली नाही. तो माणसं काढतो आणि माणूस जे सगळ्यात जास्त करतो तेच काढतो. नानांना दोन मोबाईल आणि उघडं तोंड. नानांच्या पंकजला आरसा. आईला आठ हात, आठही कामात. दादांना तोंडच नाही. पहिल्यांदा मला वाटलं, विसरला. विचारलं तर म्हणाला, "दादा बोलत न्हाईत, मग कशाला काढू?" वस्तीवरची माणसं दुसऱ्याचं चित्र बघून पोट धरून हसायची आणि स्वतःचं दिसलं की म्हणायची, "जाऊ द्या, त्याला काय कळतंय!"

शाळेनं त्याला अठरापर्यंत सांभाळलं. अठरा पूर्ण झाले त्या महिन्यात पेटी, गादी आणि एक गुलाबाचं फूल देऊन घरी पाठवलं. नियमच तसा. अठराव्या वाढदिवसाचा केक कापला की पुढचं आयुष्य आपोआप सुरळीत होतं, अशी कुणाची तरी समजूत असावी. टक्क्यांचा दाखलाही नवा काढायला लागला, कारण जुना लहान मुलाचा होता. सरकारी दवाखान्यातल्या साहेबांनी टेबलावरची फाईल दाखवून विचारलं, "बाळ, हा रंग कोणता?" ओमनं फाईल निरखून बघितली आणि सांगितलं, "खराब झालेला हिरवा." साहेबांनी लिहून घेतलं, रंग ओळखता येत नाहीत.

तर असा हा बाळ घरी आला. स्वतः दाढी करायला शिकला, तीनदा गाल कापून घेतला, चौथ्यांदा जमलं. मतदानाला गेला. कुठलं बटण दाबायचं ते नानांनी आठ दिवस घोकून घेतलं होतं. बाहेर आल्यावर नानांनी विचारलं, "दाबलं का रं?" तर म्हणाला, "सांगायचं नसतं." त्याचा गोळा नानांच्या पोटात अजून आहे. बाकी नानांना ओम लागतोच. दिव्यांग दिनाला कुठं कार्यक्रम असला की ओमला इस्त्रीचा शर्ट घालून घेऊन जायचं, शाल-नारळ घ्यायचा, फोटो स्टेटसला टाकायचा, वर लिहायचं, 'आमचा अभिमान'. शाली नानांच्या कपाटात आहेत. अभिमान गोठ्यात.

आता मूळ मुद्द्यावर येते.

ओम सात वर्षांचा असताना धाकट्या मावशीचं लग्न होतं. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ असं बजावतो आणि नवऱ्याकडून पोशाख घेतो. कानपिळी म्हणतात तिला. आमच्या मामांनी ती अशी झोकात केली की अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. ओम बघतच राहिला. घरी येताना टेम्पोत त्यानं आईला विचारलं, "मी कधी?" आई म्हणाली, "आपल्या शुभीच्या लग्नात तूच पिळायचा. भाऊ हायेस ना तू तिचा!" आणि वर बजावलं, "थोडंच पिळायचं. रडवायचं न्हाई."

चौदा वर्षं. बाकीच्या पोरींच्या मागं लग्नाचा लकडा नातेवाईक लावतात, माझ्या मागं भावानं लावला. मी तेव्हा नगरला खोली करून राहायचे, नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. दर रविवारी घरी आले की चप्पल काढायच्या आत प्रश्न, "जमलं का?" नाही म्हटलं की उसासा टाकायचा आणि सराव करायचा. शेळीच्या कानावर, उशीच्या कोपऱ्यावर, माझ्या कानावर. एकदा एसटीच्या कंडक्टरवरही केला. रडवायचं नाही एवढा नियम मात्र त्यानं कधी मोडला नाही. दोन बोटं, अर्धा आटा, सोडून द्यायचं.

आणि माझं जमलं.

मुलगा कल्याण, पारनेर तालुक्यातला, नागापूरलाच दुसऱ्या कंपनीत. स्थळ नानांनीच आणलं, त्यामुळं बघण्याचा दिवसही त्यांनीच ठरवला. नेमका काष्टीच्या बाजाराचा. बाजार म्हणजे ओमचा जीव. दिवसभर बैलांसमोर वही घेऊन बसतो. त्याला दादांबरोबर तिकडं धाडलं. म्हणजे लेकीला बघायला पाहुणे येणार आणि तिचा बाप बैलबाजारात. नानांनी सांगितलं, मुलीच्या वडिलांना तातडीचं काम निघालं. पाहुण्यांनी मान डोलावली.

"मुलीला भाऊ?" कल्याणच्या वडिलांनी विचारलं.

"हाय की! ह्यो काय, पंकज!" नाना म्हणाले.

पंकजनं वरचं बटण उघडं टाकून नमस्कार केला. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. ट्रे माझ्या हातून पडला नाही. सिनेमात असतो तसा पडला असता, तर निदान काही बोलायची वेळ तरी आली असती. मी एकेकाला बशी दिली, वर लिंबाची फोड ठेवली आणि आत गेले.

संध्याकाळी ओम परत आला. मोरीत कपबशांचा ढीग बघून म्हणाला, "कोन आलं हुतं?"

"लाईटबिलवाला," आई म्हणाली.

ओमनं कप मोजले. "अकरा?"

पुढं तीन महिने कल्याणशी रोज फोनवर बोलत होते. माणूस बरा. कंपनीच्या कँटीनपासून गावच्या ओढ्यापर्यंत सगळं सांगायचा. मीही सांगायचे. आमच्या शेळीचं नाव पंकजा आहे आणि ती बिस्किटाशिवाय दूध देत नाही, हे त्याला माहीत होतं. भावाचं नाव माहीत नव्हतं. रोज ठरवायचे, आज सांगू. मग वाटायचं, उद्या. नाना म्हणायचे, "आपून खोटं कुटं बोलतोय? लग्न झाल्यावर हळूच सांगू." मी डिप्लोमा झालेली, कंपनीत एक मिलिमीटरचा दहावा हिस्सा चुकला तर अख्खा माल परत पाठवणारी बाई. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. लाज वाटत होती मला. भावाची वाटत होती, आणि वाटते म्हणून स्वतःचीही वाटत होती, पण दुसरी लाज मी आत दाबली आणि पहिलीच्या बाजूनं वागले.

लग्न ठरल्यावर ओमला सांगावंच लागलं. तो अंगणभर नाचला. मग माझा मोबाईल घेऊन कल्याणचा फोटो बोटांनी मोठा केला, मोठा केला, नुसता कानच दिसेपर्यंत. "चांगलाय," म्हणाला. पुढच्या रविवारी आले तर वहीची बारा पानं कल्याणच्या कानानं भरलेली.

इकडं नानांच्या ओट्यावर बैठक झाली. कानपिळी पंकज करणार, पोशाखाचं माप व्याह्यांकडं गेलेलंच आहे. लग्न आपल्याच दारात, मांडवात. ओमला त्या दिवशी नानांच्या मागच्या खोलीत टीव्ही लावून द्यायचा आणि एक किलो जिलेबी. आई रडली. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी बुंदी पाडायला बसली. दादा नेहमीप्रमाणे. मी तिथंच सतरंजीच्या कडेला बसले होते, मूग गिळून.

पण ओम काही गप्प बसेना. दिवसातून दहादा नानांना विचारायचा, "माजा कोट कधी शिवायचा?" नाना वैतागले. आणि मग त्यांच्या डोक्यातून ती थोर कल्पना निघाली. आमच्या भागात लग्नघराची दर्शनी भिंत रंगवायची रीत आहे. चुना द्यायचा आणि वर गणपती, हत्ती, मोर, वाजंत्री, नवरानवरीची नावं काढायची. आता फ्लेक्स आल्यापासून कोण रंगवतंय? नाना म्हणाले, "जा बाळ्या, भिंत रंगव. आठ दिस डोकं खाऊ नको."

म्हणजे बघा, ज्या पोराला पाहुण्यांच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं, त्याच्याच ताब्यात पाहुण्यांना पहिली दिसणारी भिंत दिली. असला कारभार करायला कारभारीच लागतात.

ओमनं सहा दिवस भिंत रंगवली. नाना पत्रिका वाटत तालुकाभर फिरत होते, रात्री अंधारातच परतायचे, त्यामुळं त्यांनी बघितली नाही. बाकी वस्ती बघून गेली. गणपतीच्या पायाशी उंदराच्या जागी आमची शेळी. हत्तीवर आई, आठ हात. ताशावाल्यांच्या मागं पंकज, आरशात भांग पाडताना. दादा कोपऱ्यात, तोंडाशिवाय. आणि मधोमध कल्याण. त्याचा कान पापडाएवढा, आणि तो कान धरून उभा असलेला तपकिरी कोटातला, दाट मिशीचा एक रुबाबदार गडी. शेजारी मी. हिरवी साडी, मुंडावळ्या, हातात चुडा, काकणं मोजली तर बरोबर भरतील. फक्त तोंड नव्हतं.

मी शनिवारी सुट्टी टाकून आले ते थेट भिंतीसमोर.

"ओम, माझं तोंड राहिलं का रे?"

"न्हाई राहिलं."

"मग?"

"तू कुटं बोलतीस?" तो डब्यात ब्रश धूत होता. "पंकज पिळनार म्हनं. नाना म्हनत हुते. तू बसली हुतीस तितं."

मला वाटत होतं, तो तेव्हा गोठ्यात आहे. तो दाराआड होता. रागावला नव्हता, निदान आवाजात राग नव्हता. ब्रश झटकला आणि मोराच्या पिसांकडं वळला. तेव्हा बोलायला काय हरकत होती? काही नव्हती. पण आतून हाक आली, ब्लाऊज घालून बघायचा होता, आणि मी गेले. मला त्या ब्लाऊजची आठवण आजही नको वाटते.

लग्नाच्या आदल्या दिवशी नानांनी भिंत बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. चुना मारायला वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत काष्टीहून वीस फुटी फ्लेक्स आला आणि भिंतीवर ताणून बांधला. माझा आणि कल्याणचा हा एवढा फोटो, 'सुस्वागतम', आणि खाली गोल गोल चौकटींत नातेवाईक. सदतीस जण. नाना सगळ्यात मोठे, गॉगल लावून. पंकज तीन पोझमध्ये. शेजारच्यांचा सहा महिन्यांचा नातू. पंकजच्या मित्राच्या फोटोत त्याचा अर्धा कुत्राही आला होता.

ओमनं एकेक चौकट बोटानं मोजली. "मी कुटंय?"

"जागाच न्हाई राहिली बाळ्या," नाना म्हणाले. अर्ध्या कुत्र्याला राहिली होती.

लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या मुहूर्ताचं. दुपारी ओमला ठरल्याप्रमाणं मागच्या खोलीत बसवलं. टीव्ही लावला, जिलेबी ठेवली. बाहेर घरच्यांची पंगत बसली आणि त्याच्याकडं लक्ष द्यायला कुणी उरलं नाही. त्यानं आधी जिलेबी खाल्ली, सगळी. खाण्याच्या बाबतीत तो कधी भावनेच्या भरात निर्णय घेत नाही. मग ट्रॉलीला मारून उरलेला ऑईलपेंटचा डबा घेतला, स्टूल घेतलं, आणि फ्लेक्सपुढं जाऊन उभा राहिला. भिंतीवर वीत-दोन वीत होता, इथं त्यानं स्वतःला कल्याणच्या दीडपट काढलं. तपकिरी कोट, मिशी, आणि लांब हात करून फोटोतल्या कल्याणचा छापील कान चिमटीत. सदतीसांपैकी नऊ जण त्याच्या कोटाखाली गेले. त्यात नाना होते, आणि पंकजच्या दोन पोझ.

कुणाच्या ध्यानात आलं तोवर ताशा वाजायला लागला होता. वऱ्हाड वेशीत आलं होतं.

मी पुढच्या खोलीत बसले होते, खिडकीतून सगळं दिसत होतं. वऱ्हाडातली पोरं आधी फ्लेक्सपाशी थांबली, मग हसायला लागली, मग मोबाईल निघाले. कल्याण गाडीतून उतरला, त्यानं बघितलं आणि नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. त्याची आजी, चांगुणाबाई, काठी टेकत पुढं आली. ऐंशीच्या घरातली बाई, नजर मात्र साफ.

"ह्यो कोन म्हनायचा, आमच्या पोराचा कान धरून?"

"त्ये व्हय?" नाना घाईनं पुढं झाले. "गावातलं एक खुळं पोरगं हाय आजी. रंगाचा डबा दिसला की रेघोट्या मारतंय. तुमी चला, थंड घ्या."

ओम तिथंच उभा होता. हाताला रंग, मिशीलाही. त्यानं नानांकडं बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "मी ओम. ताईचा भाऊ."

नाना हसले. "बघा! सगळ्या गावालाच ताई म्हनतंय त्ये."

वऱ्हाडातली चारदोन माणसंही हसली. ओमनं मान वळवून खिडकीकडं बघितलं. माझ्याकडं. नुसता थांबला. मावशीच्या लग्नातून येताना टेम्पोत आईचं उत्तर येईपर्यंत जसा थांबला होता, तसा.

मी उठले. मुंडावळ्यांची एक बाजू बांधायची राहिली होती, ती तशीच लोंबत होती. नवरीनं मुहूर्ताआधी बाहेर जायचं नसतं म्हणून काकूनं दार अडवलं, तिला बाजूला केलं आणि अंगणात गेले.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून परत म्हणाले. "सख्खा. माझ्या पाठचा. पंकज चुलत आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथं ट्रे घेऊन उभी होते आणि बोलले नाही. नंतर तीन महिने रोज फोनवर बोलले, तेव्हाही नाही. मला लाज वाटत होती."

ताशेवाल्यांनी ताशा थांबवला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"शुभे, आत जा," नाना दबक्या आवाजात म्हणाले.

आणि तेव्हा दादा बोलले. आमचे दादा. "तिला बोलू दे," एवढंच म्हणाले. नाना त्यांच्याकडं असे बघत राहिले, जणू आमची शेळीच बोलली असावी.

आता इथं कल्याणनं पुढं होऊन ओमला मिठी मारली वगैरे असं काही झालं नाही. मांडवामागं त्यांच्या माणसांची अर्धा तास खलबतं झाली आणि मुहूर्त टळून गेला. कल्याणच्या वडिलांचं म्हणणं, पोराचं काही नाही, पण आम्हाला फसवलं. बरोबरच होतं त्यांचं. कल्याण माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "शेळीचं नाव सांगितलंस तू मला." मला चपराक बसली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी चांगुणाबाई उठल्या. काठी आपटत ओमपाशी गेल्या. "काय रं, खरंच पिळनार का कान?"

"थोडंच," ओम म्हणाला. "रडवायचं न्हाई."

"आईनं शिकवलंय?"

"व्हय."

आजी वळल्या आणि व्याह्यांच्या, सोयऱ्यांच्या, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "ह्या घरात खरं बोलनारा एकच गडी दिसतोय मला. पोशाख आना त्याचा. आन् अक्षता घ्या हातात, माजे गुडघे दुखायल्यात."

अक्षता पडल्या. नाना आहेराच्या टेबलामागं जाऊन बसले, बराच वेळ दोन्हीपैकी एकही मोबाईल कानाला लावला नाही. कानपिळीचा पोशाख पंकजच्या मापाचा होता, सफारी. ओमनं अंगात चढवला तर बाह्या बोटांच्या खाली चार इंच लोंबायला लागल्या. आईनं त्या दुमडल्या, रंगानं बरबटलेली बोटं पदरानं पुसली. रडत होती, पण हात थांबले नाहीत. सफारी तपकिरी नव्हती, आकाशी होती. ओमनं एकदा नाराजीनं बघितलं आणि जाऊ दे म्हटलं.

भटजींनी हाक दिली, "नवरीचा भाऊ!"

पंकज सवयीनं उठला होता, खाली बसला. ओम आला. मांडवातली शेपाचशे माणसं माना उंचावून बघत होती. तो कल्याणसमोर उभा राहिला आणि त्याच्या कानाकडं आधी नीट बघितलं, डावीकडून, उजवीकडून, वहीतल्या बारा पानांशी ताडून बघावं तसं. कल्याणनं मान थोडी खाली केली.

आणि ओम त्याच्यापुढून सरकून माझ्याकडं आला.

भटजी म्हणाले, "अहो, तिकडं नाही, नवरदेवाचा." ओमनं ऐकलं नाही. त्यानं माझ्या मुंडावळ्या एका हातानं बाजूला केल्या आणि माझा कान धरला. दोन बोटांत. चौदा वर्षं अर्धा आटा द्यायचा, त्या दिवशी पूर्ण दिला. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मांडवात कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. मी हलले नाही. तेवढी माझी लायकी होती आणि ते सांगायचा मान त्याचाच होता.

मग त्यानं सोडलं, वळला, आणि कल्याणचा कान धरला. तो मात्र अर्धाच आटा, हलक्या हातानं, शिकवल्यासारखा. "ताईला नीट सांभाळ," म्हणाला. टाळ्या पडल्या. त्यानं मामांसारखी मान झुकवून त्या घेतल्या.

लग्नाला आता आठ महिने झाले. कल्याण माझ्याशी तिसऱ्या दिवशी बोलला. त्याचे वडील नानांशी अजून बोलत नाहीत, ते नानांच्या तब्येतीला बरंच आहे. फ्लेक्स काढला, त्याचा गोठ्यावर ताडपत्रीसारखा उपयोग होतो. खालची भिंत तशीच आहे. माझं तोंड अजून काढलेलं नाही. दादांचं काढलं, बारीक रेघ, एका वाक्यापुरती. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणतो, "बघू."

पण मला मांडवातलंच आठवतं. टाळ्या चालल्या होत्या, भटजी पुढचे मंत्र म्हणत होते, आणि मी मुंडावळ्यांआड हुंदके देत होते. कान लालबुंद झाला होता. ओमला ते दिसलं. तो सफारीच्या बाह्या सावरत परत माझ्यापाशी आला, वाकला आणि आपल्या मते अगदी हळू, पण पहिल्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रडू नको. झालं आता. फिटलं."